मुलांना चिखल दाखवा

नाताळच्या सुट्टीत लहान मुलांना घेऊन भल्या पहाटे लांबचा प्रवास करू नये, एका दिवशी एकच ठिकाण पाहावे, हे गोव्यातील सुट्टीच्या सहलींवरच्या तुमच्या लेखातील म्हणणे मला पटले. मात्र त्यात सुचवलेल्या सहलींच्या यादीत सगळे समुद्रकिनारेच आहेत, याचे आश्चर्य वाटले. आमच्या घरी गेली चार वर्षे डिसेंबरात एक सकाळ रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर जाण्यासाठी राखून ठेवलेली असते. तिथले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य सुमारे 1.8 चौरस किलोमीटरचे, म्हणजे लहान पावलांना झेपेल एवढेच आहे. पक्षी दिसतीलच असे नाही. परंतु ओहोटी असेल तर खारफुटीच्या मुळांशी उघड्या पडलेल्या चिखलात एकच नांगी मोठी असलेले इवले खेकडे ती नांगी वर-खाली हलवताना दिसतात आणि आमची पाच वर्षांची नात त्यांना उलट हात हलवून उत्तर देत अर्धा तास जागची हलत नाही. भरतीची वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवावी. एकदा ती न पाहता गेल्यामुळे आम्हाला नुसते पाणी पाहून परतावे लागले होते.

लेखातील परंपरेच्या मुद्द्याविषयी एवढेच, की चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमच्याकडच्या नेवऱ्या (करंज्या) शेजारच्या ख्रिस्ती घरी जातात आणि नाताळला त्यांचे दोदोल हे गोड पक्वान्न आमच्याकडे येते. त्यांच्या नाताळच्या गोठ्याभोवती, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्याभोवती, हिरवळ हवी म्हणून नात यंदाही करवंटीत नाचणी पेरणार आहे.