वरच्या खोलीतल्या पाहुण्या

शिकागोतल्या आमच्या घरी वरच्या मजल्यावर एक लहान खोली आहे. आई बेळगावहून आली की तिथे राहते, एरवी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग आणि मुलाची जुनी पुस्तकं. गेली तीन वर्षं त्या खोलीत मधूनमधून अनोळखी बायका मुक्कामाला येतात, त्यांच्या राज्यात गर्भपाताला बंदी आहे म्हणून इकडे आलेल्या. एक रात्र, फार तर दोन. हे मी इथे कधी लिहिलं नव्हतं. मागच्या शनिवारी भिशीत एकीने विचारलं, "तू कशाला त्या भानगडीत पडतेस गं?" आणि तिथे, सगळ्यांच्या हातात ताटं असताना, मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आज लिहितेय.

२००९ मध्ये मला दिवस गेले होते. अठराव्या आठवड्यात सोनोग्राफी करताना डॉक्टरबाई एकदम बोलायच्या थांबल्या. स्क्रीन स्वतःकडे वळवली. बाळाची कवटीच तयार झालेली नव्हती. जन्मलं तरी काही तास, फार तर काही दिवस. तेव्हा भारतात वीस आठवड्यांची मर्यादा होती आणि बारा आठवड्यांनंतर दोन डॉक्टरांचं मत लागायचं. दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, सही केली आणि चौथ्या दिवशी मी मोकळी झाले. मोकळी हा शब्द लिहिताना आजही हात अडखळतो. आई रात्रभर माझे पाय चोळत बसली होती. शेजारी, नातेवाईक, सगळ्यांना "पिशवी साफ करावी लागली" एवढंच सांगितलं. कुणी खोदून विचारलं नाही, कुणी पोलिसात गेलं नाही, डॉक्टरबाईंना तुरुंगाची भीती वाटली नाही. दुःख माझं होतं आणि ते मला माझ्या घरात, माझ्या माणसांत करता आलं.

दोन वर्षांनी आम्ही शिकागोला आलो. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये आईचा फोन: "अगं, आपल्या बेळगावची पोर गेली तिकडे आयर्लंडमध्ये." सविता हलप्पनवार. बेळगावातच दाताची डॉक्टर झालेली, एकतीस वर्षांची, सतरा आठवड्यांची गरोदर. गर्भ आपोआप पडणार, बाळ वाचणार नाही, हे डॉक्टरांना कळलेलं होतं. तिने आणि नवऱ्याने गर्भ काढून टाका म्हणून पुन्हा पुन्हा विनवलं. पण बाळाचे ठोके चालू होते आणि तिथला कायदा आडवा आला. अंगात जंतुसंसर्ग पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. मी तिला ओळखत नव्हते. पण एकाच गावातल्या आम्ही दोघी, जवळपास तेवढ्याच आठवड्यांच्या. मी घरच्या गावात होते म्हणून वाचले आणि ती श्रीमंत देशात होती म्हणून गेली, हे माझ्या डोक्यातून कधीच गेलं नाही.

म्हणूनच २४ जून २०२२ ला, शुक्रवारी सकाळी ऑफिसमध्ये फोनवर बातमी आली तेव्हा मी जिन्यात जाऊन बसले. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने देशभर गर्भपाताचा हक्क देणारा १९७३ चा 'रो विरुद्ध वेड' निकाल मोडीत काढला. खटला मिसिसिपीतल्या पंधरा आठवड्यांच्या बंदीचा होता, पण पाच न्यायमूर्तींनी जवळजवळ पन्नास वर्षांचा हक्कच काढून घेतला आणि ज्याने त्याने आपल्या राज्यात ठरवा म्हणून सांगून टाकलं. टेक्सासमध्ये आता गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, वर किमान एक लाख डॉलर दंड. बाळ जगणार नाही हे नक्की असलं तरी त्या कायद्यात सूट नाही. २०२३ च्या डिसेंबरमध्ये केट कॉक्स नावाची तिथली बाई कोर्टात गेली. तिच्या बाळाला ट्रायसोमी १८ होता, म्हणजे गुणसूत्रांतला एक गंभीर, बहुतेक वेळा जीवघेणा दोष. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिला नाही म्हटलं, आणि तोवर तिला राज्य सोडून बाहेर जावं लागलं होतं. २००९ मध्ये मी टेक्सासमधल्या डॅलसला असते आणि कायदा आजचा असता, तर? त्या जिन्यात माझ्या डोक्यात एवढंच होतं.

आमच्या इलिनॉय राज्यात हक्क शाबूत आहे आणि आजूबाजूच्या इंडियाना, केंटकी, टेनेसीत तो नाही. त्यामुळे बायका इकडे येतात. विमानाने, बसने, नऊ-नऊ तास गाडी चालवून. दवाखान्याचे पैसे कुणीतरी गोळा करतं, तिकीट कुणीतरी काढतं, पण रात्री राहायचं कुठे? मी एका संस्थेत नाव दिलं. त्यांनी माझी चौकशी केली, घर पाहिलं, नियम सांगितले. सगळ्यात मोठा नियम: काही विचारायचं नाही. ती बोलली तर ऐकायचं.

या शहराला हे नवीन नाही, हे मला नंतर कळलं. १९६९ ते १९७३ इथे 'जेन' नावाने बायकांचं एक गुप्त जाळं चालायचं. भिंतीवरच्या चिठ्ठीवर एक फोन नंबर आणि "जेनला विचारा." पुढे पुढे त्या बायका स्वतःच ते काम शिकल्या. सुमारे अकरा हजार गर्भपात त्यांनी केले. मे १९७२ मध्ये सात जणींना अटक झाली, तेव्हा पोलिसांच्या गाडीत त्यांनी पेशंटच्या नावांची कार्डं फाडून चावून गिळली. नावं पोलिसांच्या हाती लागू नयेत म्हणून. मी ते वाचलं आणि त्या दिवशी पाहुणीसाठी पलंगपोस बदलताना मला मुळीच एकटं वाटलं नाही.

एका पाहुणीबद्दल सांगते. गाव, वय काही सांगणार नाही. विमानात पहिल्यांदाच बसली होती. सामान म्हणजे किराण्याची एक पिशवी, त्यात शेकायची इलेक्ट्रिक पिशवी आणि मुलीने काढलेलं चित्र, चार घड्या घातलेलं. जेवायला मऊ खिचडी, तूप, लिंबाचं गोड लोणचं. तिने तीनदा वाढून घेतलं. सकाळी निघताना पाहिलं तर चादरीची घडी घातलेली, उशीचा अभ्रा काढून ठेवलेला आणि हातात वीस डॉलरची नोट. "मी तुमचं किती देणं लागते?" मी नोट तिच्याच पिशवीत ठेवली. मग गाडीत बसल्यावर ती पहिल्यांदा रडली. मी फक्त गाडी हळू चालवली.

आता भिशीतल्या प्रश्नाकडे येते. आपल्याकडे गर्भपात म्हटलं की मनात पहिल्यांदा येते ती स्त्रीभ्रूणहत्या, आणि ते साहजिक आहे. महाराष्ट्रात मुली पोटातच मारल्या गेल्या, त्याची लाज आपल्याला वाटायलाच हवी. पण त्यातल्या किती बायकांना कुणी विचारलं होतं? तिथे सासरच्यांनी तिच्या पोटाचं ठरवलं, इथे सरकार ठरवतंय. दोन्हीकडे तिला कुणी मोजतच नाही. मला या दोन्ही गोष्टींचा राग येतो, एकाच कारणासाठी.

मी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिल्यांदा लिहिलं तेव्हा दोघी ग्रुप सोडून गेल्या. वाईट वाटलं. पण त्याच रात्री एका काकूंचा फोन आला. वय चौऱ्याहत्तर, साताऱ्याकडच्या, देवधर्म कडक. म्हणाल्या, "माझी आत्या अशीच गेली. पाच पोरं होती, सहावं नको होतं. दाईने काडी घातली. मी नऊ वर्षांची, दारात उभी होते." त्यानंतर काही वर्षांनी, १९६४ मध्ये, महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली गेली आणि १९७१ मध्ये गर्भपाताला परवानगी देणारा आपला कायदा झाला. काकू म्हणाल्या, "तिच्यासाठी उशीर झाला." पासष्ट वर्षं त्यांनी हे स्वतःच्या मुलींनाही सांगितलं नव्हतं. आता पाहुणी येणार असली की डबा त्यांचा असतो. आणखी एक मैत्रीण पहाटे विमानतळावर सोडायला जाते. तिचा नवरा आधी नाराज होता, परवा बर्फात त्यानेच गाडी काढली.

निराश वाटतं तेव्हा मी आयर्लंडचा विचार करते. तिथल्या बायकाही वर्षानुवर्षं समुद्र ओलांडून इंग्लंडला जात होत्या आणि लंडनमधली अनोळखी माणसं त्यांना घरी ठेवून घेत होती. मग २५ मे २०१८ ला गर्भपातावरची बंदी उठवायची का, यावर मतदान झालं. त्याआधी सविताच्या वडिलांनी बेळगावहून तिथल्या लोकांना आवाहन केलं होतं. परदेशी गेलेले आयरिश लोक केवळ मत द्यायला घरी परतले आणि ६६ टक्क्यांहून जास्त मतांनी ती बंदी गेली. डब्लिनमध्ये सविताचं भिंतीवर चित्र होतं, त्यावर लोकांनी रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. माफ कर, असं लिहिलेल्या. इथेही कॅन्ससने २०२२ च्या ऑगस्टमध्ये, ओहायोने २०२३ मध्ये मतपेटीतून हक्क राखला. टेक्सासच्या नागरिकांना असा प्रस्ताव स्वतःहून मतदानाला आणायची सोयच नाही. तिथल्या बायकांना अजून बराच काळ असाच प्रवास करावा लागणार आहे.

या आठवड्यात एक जण येतेय. मघाशी काकूंचा फोन येऊन गेला. "तिला दूध चालतं का विचारून ठेव," म्हणाल्या, "शेवयांची खीर करीन म्हणते."