बीच टच म्हणजे नक्की कुणी कुणाला टच करायचं?

आज दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू कोकमाच्या आगळाची बाटली द्यायला वर आल्या. परवाच कोकणातून परतलेत दोघं. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून मुला-सुनेनं तीन रात्रींचं बुकिंग करून दिलं होतं. कसा होता समुद्र विचारलं, तर म्हणाल्या, "छान होता गं. खिडकीतून दिसायचा." मग पदराने बाटलीचं झाकण पुसत म्हणाल्या, "वाळूला पाय तेवढा नाही लागला."

बंगला बीच टच, म्हणजे थेट किनाऱ्याला लागून, होता बरं का. जाहिरातीत तसंच लिहिलं होतं.

आणि संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाचा मेसेज : "आईबाबांसाठी कोकणात बीच टच प्रॉपर्टी सुचवा. सी व्ह्यू मस्ट. इन्फिनिटी पूल असल्यास उत्तम." त्याखाली धडाधड अकरा लिंका. आईच्या गुडघ्यांची चौकशी एकानेही केली नाही. बाबा रात्री किती वेळा उठतात हेही नाही. म्हणून लिहायला बसले आहे. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी हे बीच टच प्रकरण. १९९१च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेपासून ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र धरलं आहे. २०१९मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी ते ५० मीटरवर आणलं. जुन्या घरांची दुरुस्ती वगैरे अपवाद आहेत, मान्य. पण कालपरवा बांधलेला चकचकीत बंगला 'लाटा अंगणात' म्हणून विकत असेल, तर एकतर अंगणाची व्याख्या लांबलचक आहे, नाहीतर परवानगीची विचारपूस करायला हवी. २०० मीटर म्हणजे तुम्हाला तीन मिनिटं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या बाईला मऊ, कोरड्या वाळूतून तेच दहा-बारा मिनिटं लागतात, आणि परत यायचंही असतं.

काकूंच्या बंगल्यात तर अंतराचा प्रश्नच नव्हता. मागचं फाटक उघडलं की समोर धूपप्रतिबंधक बंधारा. काळे दगड, एकेक फ्रिजएवढा, मधल्या फटींत पाय अडकेल असे, खालच्या अर्ध्यावर शेवाळ. वाळू त्याच्या पलीकडे, सात-आठ फूट खाली. उतरायच्या पायऱ्या गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्याही कठड्याशिवाय. काका एकदा तिसऱ्या दगडापर्यंत उतरले आणि काकूंनी वरून असा आवाज दिला की मुकाट परत आले. तीन दिवस दोघं फाटकाशी खुर्च्या टाकून बसले. फोटोत बंधारा नव्हताच. ड्रोनने वरून काढलेल्या फोटोत तो छान रेघेसारखा दिसतो.

तर पहिलं काम. गूगल मॅपवर उपग्रहाचं चित्र उघडा, घर शोधा, तिथून वाळूपर्यंतचं अंतर मोजा. मधे काळी जाड रेघ दिसली तर ती रस्त्याची की बंधाऱ्याची, ते विचारा. मग मालकाला फोन करून सांगा की व्हिडिओ कॉल लावा आणि पलंगापासून ओल्या वाळूपर्यंत फोन न बंद करता चालत जा. पायऱ्या मोजत जा. कोकणातला घरमालक हे हसत करतो, वर नारळ कितीला पडतो तेही सांगतो. जो टाळाटाळ करतो किंवा "मॅडम, रिव्ह्यू बघा ना" म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढे जा.

गुहागर, दिवेआगर, श्रीवर्धन, दापोलीचं मुरुड इथली जुनी घरं वेगळ्या धाटणीची. घराचं तोंड रस्त्याला, मागे नारळी-पोफळीची वाडी, वाडी संपली की समुद्र. मला विचाराल तर ज्येष्ठांसाठी ही पद्धत उत्तम, वारा अंगावर येत नाही, सावली असते. पण वाडीतून जाणारी वाट बघून घ्या. शिंपण्याचे पाट आडवे जातात, त्यावर कधी फळी असते कधी नसते, आणि झावळ्या पडलेल्या असतात. पाटावर रुंद, न डुगडुगणारी फळी टाकून ठेवा असं आधी सांगितलं तर लोक टाकतात. सांगायला हवं इतकंच. चिऱ्यांच्या गडग्यांत विंचू असतात, त्यामुळे अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय आणि चपलेशिवाय वाडीत नाही, आणि सकाळी बूट झटकून घालायचे.

आता खोली. सी व्ह्यू हवा म्हटलं की पहिला मजला मिळतो, कारण खालून समुद्र दिसत नाही, कुंपण दिसतं. काका-काकूंना वरची खोली 'अपग्रेड' करून दिली होती. फुकट! जिना बाहेरून, चिऱ्याच्या पायऱ्या, उंची आठ-नऊ इंच. सहा इंचांपर्यंत म्हातारं माणूस बरं चढतं, सातला कुरकुरतं, नऊला प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून उभं राहतं. कठडा एकाच बाजूला, चढताना उजवीकडे. म्हणजे उतरताना डावीकडे, आणि काकूंचा धड हात उजवा. त्या दिवसातून एकदाच खाली उतरायच्या. ह्याला भेट म्हणायचं?

तळमजला घ्या. व्ह्यू गेला खड्ड्यात. समुद्र बघायला अंगणात खुर्ची टाकता येते.

पलंग गादीसकट जमिनीपासून अठरा ते वीस इंच हवा, बसल्यावर टाचा टेकल्या पाहिजेत आणि उठताना जोर लागता कामा नये. हल्ली फॅशनचे पलंग बारा-चौदा इंचांचे, त्यातून उठवायला माणूस लागतो. मालकाला टेप लावून मोजायला सांगा, त्यात लाजायचं काय? कमोडचंही तेच. साधा कमोड पंधरा-सोळा इंच असतो, दुखऱ्या गुडघ्यांना सतरा ते एकोणीस लागतो. सर्जिकलच्या दुकानात कमोडची उंची वाढवणारा चार इंचांचा प्लास्टिकचा रेझर मिळतो, तो डिकीत टाका आणि आधी घरच्या कमोडवर बसवून बघा, सगळ्या आकारांवर बसत नाही.

बाथरूमबद्दल बोलायला लागले की माझा आवाज चढतो. ओपन टू स्काय बाथरूम, खाली नदीतले गोटे घातलेले, भिंतीला वेल! तिशीतल्या जोडप्यांनी जरूर आंघोळी कराव्यात तिथे. पण दमट हवेत त्या गोट्यांवर आठवड्यात बुळबुळीत थर चढतो, आणि गोट्यावर तळवा सपाट टेकतच नाही. फरशी खरखरीत हवी, उंबरा नको, किंवा असला तर रंगीत पट्टी लावलेला. दार बाहेर उघडणारं असेल तर फारच छान, कारण आत कुणी पडलं तर दाराला अंग अडतं आणि आत उघडणारं दार ढकलता येत नाही. आतून कडी लावायची नाही, हा नियम घरूनच करून न्या. आणि टॉवेलची दांडी म्हणजे आधाराचा दांडा नव्हे. टॉवेलची दांडी दोन बारक्या स्क्रूंवर असते, खाऱ्या हवेत ते आतून गंजतात, वजन टाकलं की दांडी हातात येते. आधाराचा दांडा भिंतीत पक्का रोवलेला लागतो. काकूंकडे काचेची शॉवर केबिन होती, आत जायला चार इंचांची पायरी. त्यांनी तिन्ही दिवस बाहेर बादलीनेच आंघोळ केली, भिंतीला एक हात धरून.

गॅलरीचा कठडा हलवून बघा. लोखंडी असेल तर जिथे तो काँक्रीटमध्ये शिरतो तिथेच गंजतो आणि वरून रंग ताजा असतो. अंगणातला झोपाळाही बघा. बसताना मागे सरकतो आणि माणूस पुढे बसतं ते थेट जमिनीवर. एकाने धरायचा, दुसऱ्याने बसायचं.

लाईट. किनाऱ्यावर लाईट जाते, वारं सुटलं की जातेच. "इन्व्हर्टर आहे" एवढ्या उत्तरावर थांबू नका. त्यावर पंखा आणि एक दिवा चालतो, एसी आणि गीझर नाही. बाथरूमचा दिवा त्यावर जोडलाय का, हा खरा प्रश्न. काका दुसऱ्या रात्री दोनला उठले तर मिट्ट काळोख, भिंत चाचपत दारापर्यंत गेले, आणि ते दार गॅलरीचं निघालं. सुदैवाने कडी घट्ट होती. चार्जिंगचे दोन छोटे दिवे पिशवीत ठेवा, एक पलंगाशी, एक संडासाच्या दाराशी. कुणाला रात्री श्वासाचं मशीन लागत असेल तर जनरेटर असलेलीच जागा घ्या, त्यात तडजोड नाही.

पाणी बोअरचं असेल तर बऱ्याच ठिकाणी मचूळ असतं, साबणाला फेस येत नाही. पिण्याचं वेगळं विचारा. रक्तदाबवाल्यांनी तर विचाराच.

डॉक्टर किती किलोमीटरवर हा प्रश्न कोकणात फसवा आहे. पंधरा किलोमीटर म्हणजे वळणांचा पाऊण तास होऊ शकतो. मिनिटं विचारा, तीही रात्रीची. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, गुहागरला ग्रामीण रुग्णालय, आणि मोठं काही झालं तर तिथून चिपळूण किंवा डेरवण. १०८ला फोन लागायला रेंज लागते, म्हणून कुठल्या कंपनीचं सिम खोलीत चालतं ते मालकाला विचारून तेच घेऊन जा. आठ दिवसांची औषधं दोन पिशव्यांत वाटून ठेवा. इन्शुलिन घेणाऱ्यांनी नाश्त्याची वेळ पक्की करा. रिसॉर्टचा नाश्ता नऊला उघडतो आणि आपला म्हातारा पहाटे पाचपासून चहाची वाट बघत येरझाऱ्या घालतो. घरगुती ठिकाणी चहा लवकर मिळतो, हा माझ्या लेखी इन्फिनिटी पूलपेक्षा मोठा गुण. पूलची शिडी सरळसोट स्टीलची असते, त्यावरून काकू उतरणार आहेत का?

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट, जी लिंका टाकणाऱ्या अकरांपैकी एकालाही माहीत नसावी. बुकिंग करताना आधी कालनिर्णय उघडा. आपल्या किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढतात : तिथीला तीनने गुणा, चाराने भागा. अष्टमीला सहा. म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे सव्वाअकरा, त्यात सव्वासहा तास मिळवा, साडेपाचला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण हिशेब चुकत नाही. चतुर्दशी ते प्रतिपदा गेलात तर उधाणाची ओहोटी असते, पाणी लांब जातं, आणि नेमकं फिरायच्या वेळी ओली, घट्ट, सपाट वाळू मिळते. तिच्यावर काठीचं टोकही रुतत नाही. अष्टमीला त्याच वेळी पाणी वर आलेलं, उरते ती घोट्यापर्यंत रुतणारी मऊ वाळू. भांगाची, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची, भरती फार वर येत नाही हे खरं, पण चालणाऱ्याला फरक पडतोच. काका-काकू नेमके अष्टमीच्या आसपास गेले होते. बंधारा नसता तरी पंचाईतच होती.

किनाराही बघून निवडा. दापोलीचं कर्दे आणि मुरुड, दोन्हीकडे वाळू घट्ट आणि उतार कमी. काशीद दिसायला देखणं, पण उतार अंगावर येणारा. गणपतीपुळ्याला दर्शन घ्या, पाण्यात उतरू नका. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणा मार्ग पायऱ्या आणि लाटांचा आहे, म्हाताऱ्यांना तिकडे हट्टाने नेणारे भाविक मला भेटले की मी त्यांच्याशी भांडते.

काळ डिसेंबर-जानेवारी, पण नाताळ ते एक तारीख सोडून. ऑक्टोबरमध्ये घाम आणि पाखाड्यांवर, म्हणजे दगडी पायवाटांवर, पावसाळी शेवाळ. शनिवार-रविवार नकोच, शेजारच्या बंगल्यात डीजे लागतो. मधल्या वाराला भाडंही उतरतं.

बरं, मुला-सुनेची बाजू. त्यांनी प्रेमानेच केलं, पैसे भरपूर घातले, ते मी नाकारत नाही. मला राग आला तो त्यांचा नाही खरं तर. वर लिहिताना आला होता, आता उतरलाय. ती दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात, रात्री फोनवर फोटो बघून निवडतात, आणि फोटोत पायरीची उंची दिसत नाही. आणि ही म्हातारी माणसंही कमी नाहीत. काकूंनी मुलाला काय सांगितलं असेल? "फार सुंदर होतं रे." मला सांगितलं ते त्याला सांगणार नाहीत. म्हणून आईबाबांना 'कुठे जायचंय' विचारू नका, ते 'तू ठरवशील तिथे' म्हणतील. विचारा की तिथे गेल्यावर काय करायचंय. काकूंना काही फार नको होतं, पाऊलभर पाण्यात उभं राहून पायाखालची वाळू सरकलेली कळायला हवी होती.

ग्रुपवरच्या त्या मुलाला मी इतकंच लिहिलं : तळमजला, चतुर्दशीपासून तीन रात्री, मंगळवार-बुधवार बघ, आणि बाथरूमचा व्हिडिओ मला पाठव. त्याचा अंगठा आला.

आणि काकूंना आत्ता जिन्यात गाठून विचारलं, पौष पौर्णिमेला कर्द्याला जाऊ या का, सगळ्या पायऱ्या मी मोजून घेते. त्या नुसत्या हसल्या. आतून काकांचा आवाज आला, "चहा पहाटे किती वाजता देतात ते विचार आधी."