सॅमन, अननस आणि माझी मालवणी अब्रू

माशाच्या बाबतीत कोणी मला चार गोष्टी शिकवाव्यात, अशी वेळ येईल असे मला कधी वाटले नव्हते. जन्म मालवणचा, वाढलो बांगड्याच्या तिखल्यावर आणि नोकरीनिमित्त येऊन पडलो तेही सिएटलला, म्हणजे पाइक प्लेस मार्केटमधले मासेवाले अख्खा मासा एकमेकांकडे चेंडूसारखा फेकतात त्या गावाला. त्यामुळे हिच्या ऑफिसातल्या चौघांना जेवायला बोलावले, तेव्हा अननस आणि हबनेरो मिरची लावून भाजलेला सॅमन मी करणार, असे मी छाती पुढे काढून जाहीर केले.

मे महिना होता, अलास्कातल्या कॉपर नदीचा लालबुंद सॉकाय जातीचा सॅमन नुकताच बाजारात आला होता. त्याचा बिनकाट्याचा म्हणून घेतलेला तुकडा घरी आणून त्यावरून बोट फिरवले, तर मांसात तिरपी रुतलेली काट्यांची रांगच हाताला लागली. आपण काटे जिभेने वेगळे करतो, पण पाहुण्यांना ती विद्या कुठून येणार? शेवटी हिचा भुवया कोरण्याचा चिमटा घेऊन बसलो आणि सत्तावीस काटे उपटल्यावर मोजणे सोडून दिले.

खरा घात केला तो ‘मुरू दे’ या आपल्या सनातन श्रद्धेने. ताजा अननस, हबनेरो, गूळ, आले, लसूण असे सगळे वाटून मी सकाळी दहा वाजताच माशाला लावले आणि संध्याकाळी झाकण काढले, तर वरच्या थराचे चक्क खिमट झालेले. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे द्रव्य असते आणि ते प्रथिनांचे तुकडे पाडते. डबाबंद अननस तापवलेला असल्यामुळे त्यातले हे द्रव्य निकामी झालेले असते, हे ज्ञान मला खिमट खरवडताना फोनवर वाचून झाले. त्याच हाताने मी डोळा चोळला. दिसायला खेळण्यातल्या ढोबळ्या मिरचीसारखी असणारी हबनेरो ही काय चीज आहे, हे त्यानंतरची वीस मिनिटे नळाखाली डोके धरून मी समजून घेतले.

उरलेले वाटण लावून मासा 400 अंश फॅरनहाइटवर ओव्हनमध्ये घातला. सॉकायला चरबी कमी, त्यामुळे तो बारा मिनिटांत होतो. पण कच्चा राहिला तर काय, या भीतीने मी त्याला आणखी आठ मिनिटे दिली. बाहेर आला तेव्हा गुळाचा कोळसा झाला होता आणि माशाच्या अंगातून पांढरे थेंब फुटून दह्यासारखे थिजले होते. हे थेंब म्हणजे माशातलेच प्रथिन, आणि आच जास्त झाली की ते असे बाहेर येते. पाहुण्यांनी ‘इंटरेस्टिंग’ असा शेरा देऊन वरणभात दोनदा मागून घेतला.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला सगळे दाखवले. तिने बराच वेळ पडद्याकडे निरखून पाहिले आणि एवढेच विचारले, “माशाक कोण अननस घालता रे?” मग म्हणाली, उरलेल्याचे नारळाच्या रसात चार सोलां टाकून कालवण कर. दुसऱ्या दिवशी ते केले आणि आम्ही दोघांनी कढईसुद्धा पुसून खाल्ली. चिमटा मात्र हिने परत घेतला नाही.