ढेरी दाबते म्हणून रात्री लघवी? दाब उभ्याने जास्त असतो!

सध्या एक मेसेज फिरतोय. ‘रात्री दोन-तीनदा लघवीला उठता? पोटाची चरबी मूत्राशयावर दाब देते, दुसरं काही नाही. संध्याकाळी सातनंतर पाणी बंद करा, रोज शंभर सिट-अप्स मारा. साखर, प्रोस्टेट असल्या तपासण्यांत पैसे घालवू नका.’ पोटाचा घेर आणि रात्रीचं उठणं यांचा संबंध आहे, तेवढं खरं. त्या एका खऱ्याच्या आडून बाकीचं सगळं खपवलंय.

आधी ‘दाब’. पोट सुटलं की उदरातला दाब वाढतो, मान्य. खोकताना-शिंकताना लघवी निसटते ती बरीचशी त्यामुळेच, आणि वजन उतरल्यावर ते सुधारतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत जाड स्त्रियांचं वजन सरासरी ८ टक्क्यांनी उतरलं आणि लघवी निसटण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले. (ज्या गटाला नुसती माहिती दिली होती, त्यांचेही २८ टक्क्यांनी घटले, हेही सांगायला हवं.) पण हा दाब उभं असताना जास्त असतो, आडवं झाल्यावर उतरतो. सगळा खेळ दाबाचा असता तर त्रास दिवसा जास्त व्हायला हवा. दिवसभर बिनघोर असणारा माणूस रात्रीच तीनदा का उठतो?

कारण पुष्कळदा रात्री लघवी तयारच जास्त होत असते. घोरणाऱ्यांचं बघा. पोटावर चरबी साठलेल्यांत स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडणं, जास्त आढळतं. घशाची वाट मिटलेली आणि छाती हवा ओढायला धडपडतेय, अशी ती अवस्था. त्या ओढीने छातीतला दाब उणा होतो, हृदयाकडे जास्त रक्त खेचलं जातं आणि त्याचे वरचे कप्पे ताणतात. हृदयाचा समज होतो की अंगात पाणी फार झालंय. ते एएनपी नावाचं हार्मोन सोडतं आणि किडन्या मीठ-पाणी बाहेर टाकू लागतात. उठलेला माणूस सांगतो, ‘लघवीने जाग आली’. जाग अनेकदा अडलेल्या श्वासाने आलेली असते. अशांना झोपताना सीपॅपचा, म्हणजे हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवणाऱ्या यंत्राचा, मास्क लावला की बऱ्याच जणांच्या फेऱ्या कमी होतात, आणि ढेरी तर होती तेवढीच असते! दाबाच्या गोष्टीला याहून चोख उत्तर मला माहीत नाही.

‘साखर तपासू नका’ हे त्या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. पोटातल्या चरबीबरोबर शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं. रक्तातली साखर साधारण १८० मि.ग्रॅ.च्या वर गेली की ती लघवीत उतरते आणि जाताना पाणीही ओढून नेते. अशा माणसाला तहान लागलेली असताना पाणी तोडायला सांगणं म्हणजे आजार झाकून वर त्रास देणं.

बाकीच्यांनी झोपण्याआधी तांब्याभर पाणी पिऊ नये, चहा-कॉफी-दारू टाळावी, हे ठीक. पण रात्रीची लघवी नुसत्या रात्रीच्या पाण्याची नसते. संध्याकाळी मोजे काढल्यावर वळ उठलेला दिसतो का? नडगीवर अंगठा दाबून धरा. खड्डा राहिला तर दिवसभरात पायात पाणी उतरलंय. आडवं झालं की तेच रक्तात परततं आणि किडन्या ते गाळतात. जेवणातलं मीठ त्यात भर घालतं. पायांवरची ही सूज रोजची असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

सिट-अप्सनी पोटाचे स्नायू बळकट होतात, नेमकी तिथलीच चरबी जळत नाही. पुढे.

प्रोस्टेटचं (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) म्हणाल तर मेसेजवाल्याचं आणि ‘सगळं प्रोस्टेटमुळेच’ म्हणणाऱ्या त्याच्या विरोधकांचं, दोघांचंही चुकतं. प्रोस्टेट वाढल्याने पुरुष उठतातच. पण प्रोस्टेट नसलेल्या बायकाही तितक्याच उठतात. वयानुसार रात्री लघवी आवरून धरणारं हार्मोनही कमी पडू लागतं.

आपलं कारण कुठलं, याचा पहिला अंदाज घरातल्या मापाच्या भांड्याने येतो. तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ आणि माप लिहा. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी रात्रीच्या खात्यात धरायची, इथे बहुतेकजण चुकतात. समजा चोवीस तासांत १८०० मि.ली. झाली आणि त्यातली ७५० रात्रीची, तर ती जवळपास ४२ टक्के. पासष्टीपुढे ३३ टक्क्यांहून जास्त म्हणजे रात्रीचं उत्पादनच वाढलेलं. तरुणांसाठी ही रेघ २० टक्क्यांवर आहे. उलट दर वेळी शंभरेक मि.ली.च होत असेल, तर पाहायचं ते मूत्राशयाकडे, प्रोस्टेटकडे किंवा मोडणाऱ्या झोपेकडे. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवा, सोबत घोरण्याबद्दल घरच्यांची साक्ष आणि चालू गोळ्यांची यादी. लघवी वाढवणारी बीपीची गोळी संध्याकाळी घेत असाल तर वेळ बदलता येईल का, ते तिथेच विचारा. लघवीत रक्त दिसलं तर मात्र तीन दिवस मोजत बसू नका.