वडगावच्या ताईंच्या ‘राऊटर तापतो’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या इंटरनेट सेवेला तुम्ही दिलेला एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. वायफायचा डबा हात लावता येत नाही इतका तापतो, दुपारी नेट आपोआप बंद होऊन परत चालू होतं, दोनदा फोन केल्यावर आलेला मुलगा ‘सगळ्यांचेच तापतात’ म्हणून निघून गेला, आणि आम्ही जुना माल नवा म्हणून देतो, असं तुम्ही लिहिलंय. रविवारी सकाळी मी स्वतः तुमच्या घरी येऊन गेलो. तुम्ही ड्यूटीवर होता. मामांशी बोलणं झालं, पण तक्रार तुमची आहे, म्हणून काय सापडलं ते तुम्हाला सांगतो. बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर या भागात आमचे बरेच ग्राहक मागवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे आहेत, त्यांच्याही उपयोगाचं आहे.

आधी आमच्या मुलाच्या उत्तराबद्दल. राऊटर गरम होतो हे खरं आहे. बारा व्होल्ट, एक अँपियरचा अडॅप्टर म्हणजे जास्तीत जास्त 12 वॅट, आणि आत जाणारी जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. आत पंखा नसतो. वरच्या-खालच्या बारीक फटींतून हवा खेळेल तेवढाच गारवा. त्यामुळे डबा कोमट, कधी चांगलाच गरम लागणं ठीक आहे. पण त्यावर हात ठेवता येतोय की झटक्यात काढावा लागतोय, यात फार फरक आहे, आणि तुम्ही दुसरी गोष्ट सांगत होता. ती ऐकून त्यानं निदान डब्याला हात लावून बघायला हवं होतं. त्यानं लावला नाही. त्याबद्दल मी माफी मागतो.

आता तुमच्या घरी काय दिसलं ते. राऊटर टीव्हीच्या शोकेसमध्ये, काचेच्या दाराआड, सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर ठेवलेला होता आणि त्यावर विणलेला रुमाल होता. रुमाल सासूबाईंनी धूळ बसू नये म्हणून घातला होता, त्यांचं काही चुकलं नाही. खालच्या खोलीत दोन माग चालतात, सुताचे बारीक तंतू घरभर उडतात. पण राऊटर शोकेसमध्ये कुणी ठेवला? आमच्याच माणसानं. केबल त्या भिंतीतून आत येते, पुढे न्यायची तर भोक पाडावं लागतं, म्हणून सोयीची जागा बघून तो मोकळा झाला. माझ्याजवळच्या तापमान मोजायच्या यंत्रानं मोजलं तेव्हा खोलीत 32 अंश होते, शोकेसच्या आत 45, आणि डब्याच्या वरच्या अंगाला 59. घरगुती राऊटरच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा 0 ते 40 अंश असं लिहिलेलं असतं. ते 40 डब्याचं नाही, डब्याच्या भोवतालच्या हवेचं असतं. म्हणजे तुमच्या शोकेसमधली हवाच मर्यादेच्या पुढे गेली होती, आणि ती सकाळची वेळ होती. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली काय होत असेल याचा विचार करून मला बरं वाटलं नाही. बेळगाव थंड हवेचं गाव ही ओळख उन्हाळ्यातल्या बंद कपाटाला लागू पडत नाही.

फटी सुताच्या धुळीनं निम्म्याहून जास्त बुजल्या होत्या. मी बटण बंद करून, वायर काढून कोरड्या मऊ ब्रशनं त्या साफ केल्या. मागाच्या घरात हे महिन्यातून एकदा करावंच लागेल. ओलं फडकं लावू नका आणि डबा उघडू नका.

खरी चूक मात्र त्यानंतर सापडली. गेल्या पावसाळ्यात तुमचा अडॅप्टर जळाला होता, तेव्हा आमच्या माणसानं सेट-टॉप बॉक्सचा एक जुना अडॅप्टर लावून दिला. पिन बसली, दिवा लागला, काम झालं. पण तो अर्ध्या अँपियरचा होता, आणि राऊटरच्या तळाला एक अँपियर लिहिलेलं आहे. कमी ताकदीच्या अडॅप्टरवर जास्त ओढ पडली की तो स्वतः तापतो, व्होल्टेज खाली येतं आणि राऊटर बंद पडून परत चालू होतो. तुमचं दुपारचं बंद-चालू याच्यामुळेच होतं असं मला वाटतं, कारण अडॅप्टर बदलल्यापासून आज चौथ्या दिवशीपर्यंत राऊटर एकदाही आपोआप बंद झालेला आमच्या नोंदीत दिसत नाही. राऊटर सीलबंद नवाच दिला होता. पण अडॅप्टर जुना होता, पिवळा पडलेला होता, आणि तो पाहूनच तुम्हाला संशय आला असेल तर तो बरोबर होता. नवा बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) नोंदणीचा अडॅप्टर लावला आहे, त्याचे पैसे नाहीत. त्या वर्षी ज्या ज्या घरी असे अडॅप्टर लावले, त्यांची वही काढली आहे. आजपासून एकेक घर तपासतोय.

सासूबाईंनी विचारलं, रात्री हे फुटणार तर नाही ना? राऊटरच्या आत बॅटरी नसते, त्यामुळे मोबाईल फुटल्याच्या बातम्या वाचून त्याची तशी भीती बाळगू नका. काळजी घ्यायची ती अडॅप्टरची आणि सैल सॉकेटची. अडॅप्टरभोवती सूत साचू देऊ नका. जळका वास आला, प्लास्टिक तपकिरी झालं, सॉकेटमधून चरचर आवाज आला, तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, मग आम्हाला फोन करा, रात्र असली तरी. झोपताना रोज बंद केला तरी राऊटरला काही होत नाही. फक्त मागाच्या खोलीतला कॅमेरा तेवढा वेळ इंटरनेटवर दिसणार नाही. मामा वीज गेल्यावर चालावा म्हणून छोटा यूपीएस घ्यायचं म्हणत होते. जरूर घ्या, पण त्यात बहुतेक वेळा लिथियम बॅटरी असते, तो राऊटरच्या खाली किंवा वर ठेवू नका, बाजूला हातभर अंतरावर ठेवा.

सध्या राऊटर शोकेसच्या बाहेर, स्टुलावर ठेवून आलोय. तासाभरानं मोजलं तर वरचं अंग 44 अंश होतं. हात ठेवला, ठेवता आला. सासूबाईंनीही ठेवून बघितला.

स्टूल ही काही कायमची जागा नाही, पोरं ओढतील. गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास मुलगा ड्रिल आणि लांब केबल घेऊन येईल, जिन्याजवळच्या भिंतीवर पुरुषभर उंचीवर राऊटर लावून देईल. यावेळी मीही सोबत आहे. भोक कुठं पाडायचं ते तुम्ही ठरवा, आणि त्या वेळी घरी नसलात तर मामांना तेवढं दाखवून ठेवा.