बाईंचा पेपर

बाई जाऊन आज तीन महिने झाले. सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत त्यांनी आम्हाला सातवी ते दहावी गणित शिकवलं. वर्गातल्या निम्म्या पोरांचे वडील लूमवर आणि आया घरी विड्या वळायच्या. माझ्या घरीही तेच. गणितावर पुन्हा कधीतरी लिहीन, आज त्यांच्या शेवटच्या आठ महिन्यांबद्दल लिहायचंय.

गेल्या जूनमध्ये कावीळ झाली म्हणून तपासण्या केल्या आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, यकृतापर्यंत पोचलेला. बाईंचा मुलगा पुण्याहून आला होता. डॉक्टरांनी बाईंना बाहेर बाकावर बसवलं आणि आम्हा दोघांना आत बोलावलं. "सहा-आठ महिने धरा. पेशंटला बोलू नका, हाय खातील." आम्ही माना डोलावल्या. बाहेर येऊन बाईंना सांगितलं, लिव्हरला सूज आहे, गोळ्यांनी उतरेल.

रिक्षात बाई काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर चष्मा लावला आणि फाइल मागितली. मुलगा म्हणाला, "आई, तू आधी पड जरा." तेव्हा बाई म्हणाल्या, "चौतीस वर्षं मी प्रत्येक पोराचा पेपर त्याच्या हातात दिला. नापास झालेल्याचाही दिला. रडायची पोरं, पण पेपर त्यांचा होता. आणि माझा पेपर तुम्ही दोघं वाचून आलात, मलाच दाखवत नाही होय?"

मुलाने फाइल दिली. त्याला मी दोष देत नाही, कारण मी स्वतः याहून वाईट वागलोय.

२००९ साली माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, फुप्फुसाचा कॅन्सर झाला. आम्ही त्यांना टीबी म्हणून सांगितलं. चार महिने घरातले, शेजारचे, भेटायला येणारे, सगळे एकच खोटं बोलत होते. दादांनी कारखान्यात निरोप धाडला, "माझे लूम कुणाला देऊ नका, दिवाळीनंतर येतो." कामावर जायला म्हणून नवी चप्पल आणवून खाटेखाली ठेवली. गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या जत्रेला, जायचं म्हणाले तर आम्ही म्हणालो, पुढच्या वर्षी नेतो. शेवटच्या आठवड्यात एका रात्री मला उठवलं आणि विचारलं, "खरं सांग, मी राहतोय का?" मी म्हणालो, "काय बोलताय दादा, झोपा की." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्या रात्री त्यांना मला काय सांगायचं होतं, ते आता कधीच कळणार नाही. चप्पल अजून घरात आहे, तळवे कोरे.

माणूस हाय खातो, हे खोटं नाही. बाईंनीही फाइल वाचल्यावर चार दिवस कुणाशी शब्द काढला नाही, जेवण परत जायचं. आपण चुकलो असं मलाही वाटलं. पाचव्या दिवशी त्यांनी कॅलेंडर मागितलं आणि पेन्सिलने खुणा करायला बसल्या. शेजारची सातवीतली पोरगी अपूर्णांकांत अडकली होती, तिची समीकरणं संपवायची होती. अक्कलकोटच्या बहिणीशी वाड्याच्या भिंतीवरून अकरा वर्षं बोलणं बंद होतं, तिला फोन केला. ती दुसऱ्याच दिवशी एस.टी.ने आली. दोघी दार लावून दुपारभर बसल्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

दुखणं ऑक्टोबरपासून वाढलं. आधी साध्या गोळ्या, मग मॉर्फिन. मॉर्फिन म्हटल्यावर नातेवाईक घाबरले, की आता संपलं, व्यसन लागेल. डॉक्टरांनी नीट समजावलं: वेदनेसाठी ठरलेल्या मात्रेत दिलं तर ते औषधच आहे, दर चार तासांनी घ्यायचं, बद्धकोष्ठ होतो म्हणून पोट साफ व्हायचं औषध सोबत. अफूपासून बनत असल्याने ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. पूर्वी रुग्णालयांनाही त्यासाठी परवान्यांच्या मागे फिरावं लागायचं. २०१४ साली कायदा बदलला आणि मान्यताप्राप्त संस्थांना एकच परवाना पुरेसा झाला. तरी आजही कितीतरी माणसं निव्वळ माहिती नसल्याने तळमळत जातात, याची मला चीड येते. माझे दादाही तसेच गेले.

डॉक्टर विचारायचे, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय? बाईंनी चाळीस पानी वही घेतली, समास आखला आणि लाल पेनने दुखण्याला गुण द्यायला सुरुवात केली. सकाळी सहाला ७. दहाला ४. दुपारी दोनला ३, खाली बारीक अक्षरात 'भाकरीचा पापुद्रा खाल्ला'. त्या वहीवरून डॉक्टर मात्रा ठरवायचे.

लिव्हिंग विलही, म्हणजे आपण सांगू शकलो नाही तर कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचा कागद, त्यांनी स्वतः केलं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो हक्क मान्य केला, आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. व्हेंटिलेटर नको, असं त्यांनी लिहिलं. साक्षीदार म्हणून सही करताना माझा हात थरथरला, तर म्हणाल्या, "नीट कर, मोडकी सही चालायची नाही."

जानेवारीत त्यांना अक्षतेला, सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या लग्नसोहळ्याला, जायचं होतं. डॉक्टर नको म्हणाले, मुलगा घाबरला. बाई म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मी नाहीये, मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. मग?" या 'मग'ला आमच्याकडे उत्तर नव्हतं. अक्षता होतात त्या संमती कट्ट्यापासून जरा लांब, सावलीत खुर्ची टाकली. बाराबंदीतली माणसं, सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या, 'हर्र बोला हर्र'चा गजर. बाईंनी मुठीतल्या अक्षता टाकल्या, त्या दोन हात अंतरावरच पडल्या. त्या रडत होत्या आणि चेहरा शांत होता. मी मात्र दादांसाठी रडत होतो.

प्रत्येकाला सगळं ऐकायचं असतं असं नाही. काहींना खरंच नको असतं. पण ते त्यांनी ठरवावं. "किती सांगू तुम्हाला?" एवढं तर विचारा. बंद दाराआड नातेवाइकांनी परस्पर ठरवायचं, ही आपली रीत मायेपोटी आहे, पण ती माणसाचे शेवटचे दिवस त्याच्याच हातातून काढून घेते.

फेब्रुवारीत बाई घरीच गेल्या, स्वतःच्या अंथरुणावर. वही मुलाने मला दिली. शेवटचा आकडा २.

मागच्या आठवड्यात माझ्या आईची सोनोग्राफी झाली. रिपोर्ट हातात आल्यावर भाऊ मला बाजूला घ्यायला लागला. मी पाकीट आधी आईकडे दिलं. तिला वाचता येत नाही. तिथंच बाकावर तिच्याशेजारी बसलो आणि वाचून दाखवलं, एकही ओळ न गाळता.