थोरातांचं टिपण आणि क्वांटिकोतली शांतता

30 सप्टेंबर 2025. अमेरिकेत व्हर्जिनियात, माझ्या घरापासून वीसेक मिनिटांवर असलेल्या क्वांटिकोच्या लष्करी तळावर जगभरातून बोलावलेले शेकडो जनरल आणि ॲडमिरल रांगेनं बसले होते. मी इकडं वुडब्रिजच्या स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता फोनवर ते बघत होतो. संरक्षणमंत्री पीट हेगसेथ म्हणाले, माझं बोलणं ऐकून मन खचत असेल तर सन्मानानं राजीनामा द्या. मागून ट्रम्प म्हणाले, पटत नसेल तर उठून जा, पण मग हुद्दा गेला आणि पुढचं सगळंही गेलं. सभागृह चिडीचूप.

तेव्हा कोल्हापुरात संध्याकाळ होती. शाळेच्या ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एक म्हणाला, 'याला म्हणतात शिस्त.' दुसरा म्हणाला, 'एवढ्या जणांत एकालाही कणा नाही?' नरवण्यांच्या पुस्तकावरून हेच दोघं आधी भांडले होते. माजी लष्करप्रमुखांचं ते आत्मकथन 2024च्या सुरुवातीला येणार होतं. अग्निपथ योजना नौदल आणि हवाई दलाच्या डोक्यावर अचानक येऊन आदळली, अशा अर्थाचा त्यातला मजकूर डिसेंबर 2023मध्ये वर्तमानपत्रांत आला आणि पुस्तक सरकारी तपासणीत अडकलं. योजना जाहीर झाली होती जून 2022मध्ये. म्हणजे सेनापतीच्या मनात काय होतं ते आपल्याला दीड वर्षानं, तेही पुस्तकाच्या जाहिरातीतून कळलं. मला खटकतं ते हे. त्यांनी लिहावं की नाही, हा वाद त्यापुढं किरकोळ.

आपण कोल्हापूरकरांनी तरी हे ओळखायला हवं होतं. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात आपल्याच मातीतले. पूर्व विभागाचे सेनापती असताना 8 ऑक्टोबर 1959 रोजी त्यांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशाच्या, बचावाबद्दल टिपण पाठवलं. चीन कुठून येईल, आपल्याला काय कमी पडेल, सगळं लिहून दिलं. 1960च्या मार्चमध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन तेच पुन्हा मांडलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना थोरात उगाच भीती घालणारे वाटले. थोरातांनी पुढं लिहून ठेवलंय की ते टिपण नेहरूंपर्यंत पोचलंच नव्हतं, त्यांनी ते पाहिलं ते चीन चालून आल्यानंतर. 1961मध्ये लष्करप्रमुखपद थापर यांच्याकडं गेलं आणि थोरात निवृत्त होऊन घरी आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण यशवंतरावांबद्दल अभिमानानं सांगतो. पण दुसरा एक सह्याद्री तीन वर्षं आधीच कानीकपाळी ओरडत होता, ते मात्र कुणी सांगत नाही.

थोरातांच्या टिपणाआधी महिनाभर लष्करप्रमुख थिमय्या यांनी मेनन यांच्याशी न पटल्यामुळं राजीनामा दिला होता. नेहरूंनी समजूत घालून तो मागं घ्यायला लावला आणि 2 सप्टेंबरला संसदेत त्यांनाच चार शब्द सुनावले. बढत्या आणि मंत्र्यांची वागणूक यावरून भात्यातला बाण सुटून गेला होता. खरा प्रसंग आला तेव्हा हातात काही उरलं नव्हतं. म्हणून 'राजीनामा का नाही देत?' असं कुणी विचारलं की मला थिमय्या आठवतात.

इथल्या अमेरिकी लष्कराकडं फार धाडस असतं असा माझा समज होता. तो गेला. फरक आहे तो खुर्चीचा. फेब्रुवारी 2003मध्ये इराकवर हल्ला होण्याआधी इथले लष्करप्रमुख जनरल शिन्सेकी सिनेटच्या समितीपुढं बसले होते. किती सैन्य लागेल, असं सिनेटर कार्ल लेविन यांनी विचारलं. काही लाख, असं ते म्हणाले. दोनच दिवसांत उपसंरक्षणमंत्री वुल्फोवित्झ यांनी तो आकडा मोडीत काढला. शिन्सेकींनी बंड केलं नाही की वर्तमानपत्राला मुलाखत दिली नाही. लोकांनी निवडून दिलेल्या माणसानं प्रश्न विचारला आणि त्यांनी उत्तर दिलं, एवढंच. इथं नेमणूक होण्याआधीच सिनेट विचारून ठेवते की, सरकारचं मत वेगळं असलं तरी विचारल्यावर तुमचं स्वतःचं मत सांगाल ना?

आपल्याकडं असं अजिबात नाही असं नव्हे. 2018मध्ये उपलष्करप्रमुख सरथ चंद यांनी संसदेच्या स्थायी समितीला सांगितलं की 68 टक्के साधनसामग्री जुनाट झालीये आणि अर्थसंकल्पानं आशेवर पाणी पाडलंय. समितीच्या अहवालातून ते देशाला कळलं आणि आभाळ काही कोसळलं नाही. पण आपल्या समितीचं दार बंद असतं. 1962च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल तर सरकारनं 1963पासून कुलुपात ठेवलाय.

सांगणं आणि आडवं येणं यांत मी फरक करतो. 1998मध्ये नौदलप्रमुख ॲडमिरल विष्णू भागवतांनी मंत्रिमंडळ समितीनं केलेली उपप्रमुखाची नेमणूक मानायला नकार दिला आणि त्यांना पदावरून काढलं गेलं. पद्धत फार ओबडधोबड होती, पण अधिकार सरकारचाच होता. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी 1951मध्ये आपल्या धोरणाला उघड विरोध करणाऱ्या जनरल मॅकार्थरना घरी पाठवलं तेही बरोबरच.

हे सगळं मी रविवारी सैनिक टाकळीच्या काकांना फोनवर समजावत होतो. काका मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

'तुमचा तो ब्राऊन, सगळ्यांच्या वरचा जनरल, त्याला फेब्रुवारीत काढला न्हवं?'

'हो. त्याच दिवशी नौदलप्रमुख बाईंनाही काढलं.'

'का काढलं?'

'ठोस कारण दिलं नाही.'

'मग तुझ्या त्या शिनेटनं इचारलं न्हाई व्हय?'

'विचारलं की.'

'मग काय म्हणाले?'

मी काकांना विचारलं, यंदा उसाला पाणी कसं आहे.